ठोकळ्याचा उजवा डोळा

५ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोजचं लिहून ठेवा. औषध किती वाजता दिलं, काय खाल्लं, किती झोपला. टोप्यांच्या अस्तरवाल्याने वर्षाच्या सुरुवातीला दिलेली डायरी कोरी पडली होती, ती झटकून घेतली. साठी उलटल्यावर मी डायरी लिहायला बसले, आणि तीही कुत्र्याची! हे असते तर हसून हसून मशीनवर पडले असते. यांना जाऊन दीड वर्ष झालं.

तर पेशंटची माहिती. नाव ठोकळ्या, वय साडेपाच महिने, जात थोराड, अक्कल शून्य. आमचा टोप्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर मी. टोपी ज्याच्यावर ओढून वाफ देतात तो लाकडाचा डोक्याएवढा ठोकळा असतो. हे पिल्लू दारात आलं तेव्हा डोकं हुबेहूब तसलं, आणि बाकीचं अंग मागाहून आठवण झाल्यावर लावलेलं. म्हणून ठोकळ्या. आणलं भावजींनी, म्हणजे यांच्या धाकट्या भावाने, मला एका शब्दाने न विचारता. "वहिनी, कारखान्याला राखण हवी." डोंबलाची राखण! वाफेची किटली वाजली की टेबलाखाली जाऊन बसतो.

मागच्या आठवड्यात त्याच्या उजव्या डोळ्याच्या वर टेंगूळ दिसलं. वाटलं, आपटला असेल कुठे, त्याचं काय नवल. पण टेंगूळ उतरेना. मग ताप, मग कपाळाला हात लावला की कळवळणं, मग अन्नावरून तोंड फिरवणं. ठोकळ्याने अन्नावरून तोंड फिरवलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आज एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कवटीचं हाड नको तेवढं जाड होतंय. कॅन्सर नाही. थोराड जातीच्या पिल्लांना क्वचित होतं, अंगाची वाढ संपली की बहुतेक हेही थांबतं, वर्षाचा होईपर्यंत. पण याच्या बाबतीत हाड डोळ्याच्या खोबणीवर वाढतंय. डोळा पुढे ढकलला गेलाय, पापणी पुरती मिटत नाही. न मिटणारा डोळा सुकतो. सुकून आत जखम झाली, चिघळली, तर डोळा काढून टाकावा लागेल.

"मग आता करायचं काय?" मी विचारलं.

"थेंब, मलम, दुखण्याचं औषध आणि धीर."

पहिली तीन चिठ्ठीवर लिहून दिली.

६ मार्च, गुरुवार

थेंब सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. एकटीने करून पाहिलं. एक थेंब त्याच्या डोळ्यात, सहा माझ्या चष्म्यावर. शेवटी हात टेकले आणि भावजींना फोन लावला.

भावजी पुलापलीकडे राहतात, एकटेच. हे होते तेव्हा रोज कारखान्यात असायचे. आता फक्त शनिवारी येतात, गिऱ्हाइकांची मापं घेतात, वहीत लिहितात, अर्धा कप चहा घेतात आणि जातात. कंबर दुखते म्हणे. आज मात्र दहा मिनिटांत दारात. जमिनीवर पाय पसरून बसले, पिल्लाला मांडीवर आडवं घेतलं, "वर बघ राजा, वर बघ" म्हणाले आणि त्या गुलामाने मुकाट्याने थेंब घालून घेतले. मला असला राग आला! जेवू घालते मी, आणि ऐकायचं यांचं!

"चारही वेळा येत जाईन," भावजी म्हणाले.

"आणि कंबर?"

"तिला समजावतो."

९ मार्च, रविवार

दर रविवारी डोकं मोजायला सांगितलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिल्लूच आहे, महिन्याकाठी पाव-अर्धा इंच वाढेल, घाबरायचं नाही. पण आठवड्यात एकदम वाढलं आणि डोळाही बिघडलेला दिसला तर लगेच फोन करा.

डोकी मोजायचं आम्हाला कोणी शिकवायला नको. मापांच्या वहीत त्याला वेगळं पान दिलं. भुवईवरून, कानांच्या वरून, मागे खड्ड्यात, टेप अगदी अंगाबरोबर: एकोणीस इंच. माणसाच्या पोराएवढं डोकं आणि आत मेंदू वाटाण्याएवढा.

१५ मार्च, शनिवार

बँडवाल्यांच्या चाळीस टोप्या हातात आहेत, हिरव्या लोकरी कापडाच्या. सगळीकडे हिरवा भुगा. भावजी मापं घेतात, मी कापते.

आज बँडमास्तर तणतणत आला. घरी मोजलं तर बावीस भरलं, तुमच्या वहीत साडेबावीस कसं? त्याला चांगली दहा मिनिटं समोर उभं करून नियम ऐकवला. टोपीला अर्धा इंच सैल लागतो, नाहीतर कपाळावर वळ उठतो. आणि तो अर्धा इंच मापणाऱ्यानेच धरून आकडा लिहायचा. कापणाऱ्याने वहीतल्या आकड्याला हात लावायचा नाही. एका वर्षी यांनीही सैल धरला आणि मीही धरला, तर स्पर्धेत ऐन रंगात ढोलवाल्याची टोपी नाकावर उतरली. बिचारा काही न दिसता वाजवत राहिला आणि नेमकं त्यालाच बक्षीस मिळालं. तेव्हापासून हा नियम. तो मोडेल त्याची मी गय करत नाही.

ठोकळ्या आज अख्खं अंडं जेवला.

२४ मार्च, सोमवार

वाईट दिवस. ताप पुन्हा चढला. सकाळी पाणी प्यायला वाकला आणि कपाळ भांड्याच्या काठाला लागलं, तर असा ओरडला की खाली मशीनवर माझी सुई मोडली. मग दिवसभर माझ्या पायांवर हनुवटी टेकून पडून राहिला. झोपतो तेव्हा डावा डोळा मिटलेला आणि उजवा फटीतून अर्धा उघडा. बघवत नाही.

मनात नको ते येतं. आपण त्याला उगाच छळतोय का? मुक्या जिवाला विचारता येत नाही, बाबा, सोसतोस ते सोसवतंय का म्हणून. भावजींना बोलून दाखवलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "वहिनी, मी आलो की शेपटी हलवतो. ज्या दिवशी हलवणार नाही त्या दिवशी बघू." आणि उठून त्याचं पांघरूण उन्हात टाकायला गेले. माणूस तसा बरा आहे, बोलत नाही एवढंच.

३० मार्च, रविवार

सव्वाएकोणीस. तीन आठवड्यांत पाव इंच. ताप नाही. डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, छान. छान काय त्यात, पण बरं वाटलं.

३ एप्रिल, गुरुवार

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उद्या तिच्याकडे जाणं भाग आहे. सोमवारी येईन. भावजींना सगळं तीन-तीनदा सांगितलं. थेंब, मलम, अंडं नीट उकडा, रविवारी डोकं मोजून वहीत लिहा. ते प्रत्येक वेळी "हो" म्हणाले. चौथ्यांदा सांगायला लागले तर म्हणाले, "वहिनी, गाडी चुकेल."

७ एप्रिल, सोमवार

पिशवीही उघडली नाही, आधी हे लिहिते.

घरात पाऊल टाकलं आणि पिल्लू धावत आलं. उजवा डोळा लालभडक, पाण्याची धार, उघडताच येईना. खाली जाऊन वही उघडली. रविवार, सहा तारीख, भावजींचं अक्षर: पावणेवीस.

आठवड्यात अर्धा इंच!

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या दोन दिवस बाहेरगावी आहेत. म्हणाल्या, थेंब दुप्पट करा, बुधवारी सकाळी उपाशीपोटी घेऊन या. आकडा पुन्हा विचारला. मी सांगितला. मग म्हणाल्या, "मनाची तयारी करून या. हाड एवढं पुढे आलं असेल तर डोळा ठेवण्यात अर्थ नाही."

फोन ठेवला आणि भावजींवर तुटून पडले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. तीन दिवस घराबाहेर काय गेले, तेवढ्यात वाट लावलीत! थेंब चुकवलेत, कबूल करा. ते म्हणाले, एकही चुकवला नाही, डोळा आज सकाळीच लाल झालाय, मी तुम्हाला फोन करणारच होतो. आणि मी बोलून गेले, "तुम्हाला ना बायको ना पोर, कोणाचं काही करायची सवय कुठाय तुम्हाला?"

त्यांनी चप्पल घातली आणि गेले.

८ एप्रिल, मंगळवार

सात वाजता बरोबर आले. पिल्लाला मांडीवर घेतलं. "वर बघ राजा" म्हणाले. माझ्याशी अवाक्षर नाही. अकरालाही तेच, तीनलाही तेच.

यांच्या शेवटच्या आजारात आठ महिने पथ्याचं खाणं कोणी केलं, अंथरुणं कोणी बदलली? भावजींनीच की. आणि मी काल काय बोलले! तोंड उघडलं की गेली सुटत. माफी मागायला तीनदा स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि तीनदा "साखर संपलीय" असं काहीतरी पुटपुटून परत आत गेले.

ठोकळ्याला उद्याचं काही माहीत नाही. माझ्या गाऊनची नाडी चघळत बसलाय.

एका डोळ्याची कुत्री असतात, मजेत राहतात, असं सगळे सांगतात. असतील. मला याचे दोन्ही हवेत.

९ एप्रिल, बुधवार

आजचं सगळं लिहायचंय, क्रम चुकला तरी चालेल. नाही, क्रमानेच लिहिते.

दवाखान्यात गेलो. पिल्लू टेबलावर. भावजींनी पुढून धरलं, मी मागून. डॉक्टरीणबाईंनी टेप लावली. भुवया वर केल्या. परत लावली.

"काकू, सव्वाएकोणीस आहे."

मी म्हटलं, तुमची टेप फाटकी असेल. स्वतःची पिशवीतून काढली. मी टेपशिवाय कुठेही जात नाही. लावली. सव्वाएकोणीस. कुठल्याही बाजूने ओढा, सव्वाएकोणीस.

"मग हे पावणेवीस?" डॉक्टरीणबाई वहीवर बोट ठेवून म्हणाल्या.

"बरोबरच आहे," भावजी अगदी हळू म्हणाले, जणू त्यांनीच चोरी केलीय. "सव्वाएकोणीस आणि अर्धा इंच सैल. मापणाऱ्याने धरायचा असतो ना, वहिनी?"

भावजींचा चाळीस वर्षांचा हात. टेप हातात आली की अर्धा इंच आपोआप वहीत. आणि मी? मी महिनाभर त्याच वहीत नुसतं अंगाबरोबरचं माप लिहीत होते. बँडमास्तरला दहा मिनिटं उभं केलं ते मी. नियम मोडला तोही मीच, आणि बोलणी खाल्ली नियम पाळणाऱ्याने.

"सैल म्हणजे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी चष्मा काढून पुसत राहिले. भावजींनीच सांगितलं. त्या आधी हसल्या, मग माझ्याकडे पाहून थांबल्या.

"पण डोळा?" मी कसंबसं म्हटलं. "डोळा तर लाल आहे, तो काही वहीतला नाही."

त्यांनी डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकला, दिवा लावला, पापणी उलटी केली. मग बारीक चिमटा घेतला आणि काहीतरी ओढून कापसावर ठेवलं. हिरवा धागा. पाव इंचाचा, बँडवाल्यांच्या टोपीचा. पापणी पुरती मिटत नाही, त्यामुळे भुगा आत गेलेला बाहेर निघत नाही. गेले तीन महिने हा शहाणा कापायच्या टेबलाखालीच झोपतोय आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही.

"बुबुळावर बारीक ओरखडा आहे. आठवड्यात भरेल."

"म्हणजे काढायचा नाही?"

"कशाला काढायचा? चांगला डोळा आहे."

मागे सपाट काहीतरी दिसलं त्यावर बसले. "काकू, तो वजनकाटा आहे, कुत्र्यांचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असू दे म्हटलं, जीव भांड्यात पडलाय, काट्यावर पडला तरी चालेल. आणि तिथेच बसून मी रडले. ठोकळ्या टेबलावरून वाकून माझे कान चाटत होता. आकडा दिसत होता तो सांगणार नाही.

बाहेर आल्यावर म्हटलं, "भावजी, चुकले मी. परवा बोलले तेही, आणि वहीचंही."

"असू दे, वहिनी."

"असू दे कसं? मी फार वाईट बोलले."

"बोललात खरं," ते म्हणाले. "दादा असता तर तुम्हाला उभं केलं असतं दहा मिनिटं." आणि चक्क हसले. दीड वर्षात पहिल्यांदा.

१० एप्रिल, गुरुवार

हुकूम: ठोकळ्याला कारखान्यात बंदी. आजपासून मुक्काम वर. म्हणजे भावजींना चार वेळा जिना. सांगितलं त्यांना, वाटलं कुरकुरतील. हं म्हणाले.

चार वेळचं पुलापलीकडून येणं-जाणं काही खरं नाही, अकराला आलात की तीनपर्यंत थांबत जा म्हटलं. जेवण इथेच. दोन माणसांचं करायला सोपं जातं, एकाचं नेमकं होत नाही.

४ मे, रविवार

साडेएकोणीस, अंगाबरोबर. वहीत त्याच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: सैल धरू नये. दोघांची सही.

ओरखडा भरला. टेंगूळ आहे तिथेच आहे, पण आता दाबलं तरी ओरडत नाही, उलट खाजवून घेतो.

२२ जून, रविवार

दीड महिना लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालं नाही. यासारखं सुख नाही. पावणेवीस, अंगाबरोबर. गेल्या आठवड्यातही तेच होतं. कडक बिस्किटं खातो. पायपुसणंही खाल्लं. भावजी म्हणतात, जबडा दुखत नाही याचा पुरावा आहे. पायपुसणं त्यांचं असतं तर कळलं असतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

एक वर्षाचा झाला. एक्स-रे. डॉक्टरीणबाईंनी मार्चमधला आणि आजचा शेजारी शेजारी लावून दाखवला. मला दोन्हीकडे नुसते ढग दिसतात, पण त्यांनी बोट फिरवून दाखवलं: हाड थांबलंय, कडा गुळगुळीत झाल्यात, खोबणीवरचं तर थोडं जिरलंसुद्धा. डोळा मागे आपल्या जागी बसतोय. कपाळ मात्र जन्मभर जरा ओबडधोबड राहील.

"राहू दे," भावजी म्हणाले. "त्याला कुठे टोपी घालायचीय."

थेंब आता दोनदाच, अकरा आणि सात. हळूहळू बंद करायचे.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज थेंब बंद. शेवटची बाटली मी धुऊन टाकून दिली. झोपलेला पाहिला, दोन्ही पापण्या टाका घातल्यासारख्या मिटलेल्या. मी आणि भावजी बराच वेळ बघत उभे होतो. मग ते म्हणाले, "चला, सुटलो." मी म्हटलं, "सुटलो बाई."

निघताना त्यांनी जिन्यात वळून विचारलं, "शनिवारी कोणाची मापं आहेत का?" म्हटलं, आहेत दोन-तीन.

११ ऑक्टोबर, शनिवार

भावजी आले, मापं घेतली, अर्धा कप चहा घेतला, गेले. बरं झालं, त्यांचा जिना वाचला. कंबरेचं दुखणं काही खोटं नाही.

भाजी उरली. हल्ली माझा अंदाज चुकतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अकरा वाजले की ठोकळ्या दाराशी जाऊन बसतो. त्याला सांगितलं, अरे, थेंब संपले, तू बरा झालास. मुक्या जनावराला काय समजणार. मीही हातातलं काम ठेवून खिडकीशी बसते, उजेड बरा असतो म्हणून.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज अकराच्या सुमाराला खिडकीशी बसून टोपीला पट्टी लावत होते. ठोकळ्या शेजारी, डाव्या अंगाला भिंत आणि उजव्या अंगाला रस्ता. एकाएकी उभा राहिला. मान वळवली नाही, नुसते कान ताठ आणि शेपटी भिंतीवर धपाधप. मी खाली पाहिलं तर रस्ता रिकामा. "झोप रे, कोणी नाही," म्हटलं. तर भुंकायलाच लागला. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी रस्ताच. पार पुलाच्या टोकापर्यंत कोणी ओळखीचं नाही.

मग पुलावरच्या माणसांतला एक माणूस कंबरेवर हात ठेवून चालतोय असं दिसलं. बुधवारी. मापं नाहीत, थेंब नाहीत, काही नाही.

भिंतीकडच्या डोळ्याने तर त्याला दिसणं शक्यच नव्हतं. उजव्यानेच पाहिलं, माझ्याही आधी, एवढ्या लांबून. मी त्याच्या त्या ओबडधोबड कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "बघ राजा, बघ." आणि मग दार उघडायला दोघंही धावतच खाली गेलो.